रविवारी पेपर, सोमवारी काउंटर

मे महिन्यात ग्रामीण शाखेचं शटर वर जायच्या आधीच पायरीवर माणसं बसलेली असतात. हातात सातबारा, आठ-अ, नो-ड्यूज, आधारची झेरॉक्स. पीककर्जाचं नवं-जुनं करायचं असतं. पेरणी तोंडावर आलेली असते आणि बियाण्याचा दुकानदार उधारीला उभं करत नसतो. अशा माणसाला ‘उद्या या’ म्हणायला जीभ रेटत नाही. आणि नेमक्या त्याच महिन्यातल्या रविवारी माझा जेएआयआयबीचा पेपर असतो.

बँकेबाहेरच्यांसाठी सांगते. ही बँक कर्मचाऱ्यांची व्यावसायिक परीक्षा. घेणारी संस्था १९२८ सालची, मुंबईची: इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्स. आधी जेएआयआयबी, ती झाली की सीएआयआयबी. २०२३ पासून अभ्यासक्रम बदलला. पहिलीचे तीन पेपर होते ते चार झाले, दुसरीचे तीन होते ते पाच झाले. दोन तासांचा, शंभर गुणांचा एकेक पेपर. प्रत्येकात पन्नास हवेत. नाहीतर एकाच फेरीत सगळ्यांत किमान पंचेचाळीस आणि एकूण सरासरी पन्नास टक्के. तीन वर्षांत, पाच प्रयत्नांत संपवायचं. नाही संपलं तर पुन्हा श्रीगणेशा.

कागदावर ही परीक्षा ऐच्छिक आहे. या शब्दावर माझा राग आहे. पास झालं की वेतनवाढ मिळते, बढतीच्या वेळी फरक पडतो, मुलाखतीत हमखास विचारलं जातं, ‘जेएआयआयबी झाली का?’ नोकरीतली पुढची पायरी जिच्यावर अडते, तिला ऐच्छिक म्हणायचं कारण मला एकच दिसतं. ऐच्छिक म्हटलं की तिच्यासाठी वेळ द्यायची जबाबदारी कुणावर येत नाही.

परीक्षेची फी बहुतेक बँका पास झाल्यावर परत करतात. चांगलं आहे. पण फी हा त्यातला सगळ्यात स्वस्त भाग.

आमच्या शाखेत सकाळी दहाला रांग लागते. दुपारी लिंक जाते. लिंक आली की रांग दुप्पट. चारनंतर कॅश टॅली, मग दिवसभराची व्हाउचर्स, मग प्रादेशिक कार्यालयाची व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स. आज विम्याच्या पॉलिसी किती, उद्या सोनेतारण किती, परवा थकीत वसुलीचा कॅम्प कुठल्या गावात. महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार सुटी असते, २०१५ पासून. मोहीम चालू असली की त्या शनिवारीही बोलावणं येतं. खोलीवर पोचायला साडेआठ होतात. स्वयंपाक, जेवण, आईला फोन. पुस्तक उघडतं साडेदहाला. लेखाशास्त्राच्या पेपरात घसाऱ्याचं गणित आहे, बाँडच्या परताव्याचं आहे. दिवसभर नोटा मोजलेल्या डोक्याला ते साडेदहाला कसं झेपतं, हे अभ्यासक्रम आखणाऱ्यांपैकी कुणीतरी एक आठवडा काउंटरवर बसून बघावं.

माझी पहिली फेरी २०२४ च्या मे महिन्यातली. दोन पेपर निघाले, दोन राहिले. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या फेरीसाठी ऑगस्टपासून नेटानं बसायचं ठरवलं होतं. ऑगस्टमध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले पैसे जमा झाले. त्यानंतरचे कित्येक आठवडे मी पुस्तकाला हात लावू शकले नाही. दहा-दहा वर्षं बंद पडलेली खाती, आधार न जोडलेली खाती, अंगठ्याचे ठसे न जुळणाऱ्या म्हाताऱ्या. त्या बायकांचं काहीही चुकलं नव्हतं. त्यांच्या नावावर पहिल्यांदा सरकारचा पैसा येत होता आणि तो खरंच आला का, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. चूक होती ती इतकी गर्दी येणार हे ठाऊक असूनही शाखेला एकही जादा माणूस न देण्याची. पुढे सप्टेंबरअखेरचं अर्धवार्षिक क्लोजिंग. मग दिवाळी. मग विधानसभेची निवडणूक. मतदान २० नोव्हेंबरला, निवडणूक ड्यूटीचं प्रशिक्षण त्याआधी, आणि माझं नाव यादीत.

एवढं सगळं असून मी म्हणते, ही परीक्षा हवी. याच फेरीच्या तयारीत ते मला कळलं.

एका रात्री मी थकीत कर्जाचं प्रकरण वाचत होते. साधारण कर्जाचा हप्ता नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं अनुत्पादक होतं, म्हणजे एनपीए. पीककर्जाचा नियम वेगळा आहे. कमी मुदतीच्या पिकासाठी दोन हंगाम, दीर्घ मुदतीच्या पिकासाठी एक हंगाम. दोनदा वाचलं, वहीत लिहिलं, झोपले. दुसऱ्या दिवशी एक सोयाबीनवाले आजोबा समोर आले. रुमालात बांधलेलं पासबुक, आणि चेहरा पडलेला. म्हणाले, ‘म्याडम, माझं खातं बुडालं म्हन्त्यात गावात. आता बँक रान लिहून घेनार का?’

त्यांची परतफेडीची तारीख उलटून सात-आठ आठवडे झाले होते. मी खातं उघडून पाहिलं आणि त्यांना खुर्चीत बसवून सांगितलं. थकीत झालं म्हणजे बुडीत झालं असं नाही. दोन हंगाम जाईपर्यंत ते खातं एनपीए होत नाही. मुदत चुकली त्याचा तोटा वेगळा आहे. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला सात टक्के व्याज, आणि वेळेवर भरलं तर केंद्राची तीन टक्के सवलत. वर राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना, म्हणजे व्याज शून्यावर येतं. ती सवलत या वर्षी गेली. पण आता भरून नवं-जुनं केलंत तर पुढच्या वर्षीची हातात आहे. आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा मारली आणि विचारलं, ‘मंग सोयाबीन इकून आलो तर चालतंय?’

चालतं, आजोबा. जरूर चालतं.

आदल्या रात्री ते पान वाचलं नसतं तर मी त्यांना मॅनेजरसाहेबांकडे पाठवलं असतं, साहेब व्हीसीवर असते, आणि तो माणूस दिवसभर बाकावर बसून संध्याकाळच्या शेवटच्या एसटीनं तीच भीती घेऊन घरी गेला असता. पुस्तकातलं ज्ञान काउंटरवर असं उतरतं. ते उतरावं म्हणून रिझर्व्ह बँकेनं २०१६ साली बँकांना सांगितलं की ट्रेझरी, जोखीम व्यवस्थापन, लेखा, कर्जव्यवस्थापन अशा कामांसाठी प्रमाणपत्रं घेतलेली माणसं तयार करा. मला ते शंभर टक्के पटतं. फक्त ही माणसं तयार व्हायची कधी? रात्री अकराला?

वेळ न दिल्याचा परिणाम काय होतो तेही लिहिते, कारण बँकेत हे सगळ्यांना माहीत असतं. मोबाइलवर पीडीएफ फिरतात. मागच्या फेरीला कुठले प्रश्न आले, परीक्षा देऊन आलेल्यांनी आठवून लिहिलेले. पुस्तकं साताठशे पानांची, हातात दहा दिवस, मग माणूस तीच पीडीएफ घोकतो. उत्तराचा पर्याय लक्षात राहतो, नियम राहत नाही. पास होतो, वेतनवाढ लागते, आणि रुमालात पासबुक बांधून आलेल्या माणसाला पुन्हा बाकावरच बसावं लागतं. घोकणाऱ्याला मी दोष देणार नाही. त्याच्याकडे दहाच दिवस होते.

मागणी साधी आहे. पेपराच्या आदल्या दोन दिवसांची भरपगारी रजा, आणि ती मागताना मान खाली घालावी लागू नये. परीक्षेच्या महिन्यात परीक्षा देणाऱ्याला मोहिमेतून मोकळीक. आणि वेळापत्रक आखताना खेड्यातल्या शाखेचं पंचांग बघा: एप्रिल ते जून पीककर्ज, मार्च आणि सप्टेंबरला क्लोजिंग. जानेवारी-फेब्रुवारीत पहिली फेरी घेता येणार नाही का, हे तरी कुणी एकदा तपासावं.

आमच्या शाखेत कॅशला एक मुलगी आहे. लेक दोन वर्षांची. लेक झोपली की ही स्वयंपाकघरात ओट्यावर पुस्तक उघडते, कारण दुसऱ्या खोलीत दिवा लावला की बाळ उठतं. रोज रात्री तासभर, कधी अर्धा तास. पेपरांचे रविवार आले तेव्हा पहाटेच्या गाडीनं नांदेडला केंद्रावर जायची, आणि सोमवारी दहाला पुन्हा कॅशमध्ये. निकालाच्या दिवशी मोबाइल माझ्यापुढे धरून उभी राहिली. ४८, ५१, ४७, ५६. बेरीज २०२. चारशेपैकी दोनशे लागतात. मी दोनदा बेरीज केली, तिनं चारदा. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी काच वाजवली आणि ती जागेवर जाऊन बसली.

आता तिला सीएआयआयबी द्यायची आहे. पाच पेपर. दोन दिवसांच्या रजेचा अर्ज तिनं आताच लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला आहे, तारखेची जागा रिकामी सोडून.