तारीखभाऊ

भंडाऱ्यापासून साकोलीपर्यंत राष्ट्रीय महामार्ग ५३ वर जितके चहाचे ढाबे, तितके तारीखभाऊ. थोडे जास्तच असतील, कारण काही ढाब्यांवर सकाळचा वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा बसतो. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, खिशात दोन पेनं (चालत एकही नाही), हातात काच तडकलेला मोबाइल आणि बाहेर उभी एमएच-३६ ची जुनी हिरो होंडा, जिचा हॉर्न सोडून बाकी सगळं वाजतं. कोणत्या गाडीची पुढची पिढी कधी येणार हे जगाला कळवत राहायचं, हे भाऊंनी अंगावर घेतलेलं काम. त्याचा पगार नाही, सुट्टीही नाही.

बुलेट, थार, बोलेरो हे झाले किरकोळ विषय. कोणी विचारलंच तर उभ्याउभ्या सांगून टाकायचे. खुर्ची ओढून, चहा मागवून (दुसऱ्याच्या खात्यावर) बोलायचा विषय म्हणजे स्पोर्ट्स कार, आणि त्यातही निस्सानची जीटी-आर. भाऊंनी ही गाडी प्रत्यक्ष पाहिलेली नाही. जपानात ती २००७ च्या डिसेंबरात विकायला आली आणि कंपनीने पुढे जवळजवळ अठरा वर्षं, अधूनमधून डागडुजी करत, तेच मॉडेल चालवलं. एवढ्या काळात आमच्याकडे पोरं जन्मली, बारावी झाली, नागपूरला शिकायला गेली. २०१६ च्या डिसेंबरात ती भारतात आली तेव्हा किंमत होती एक कोटी नव्व्याण्णव लाख. हा आकडा भाऊ एका दमात म्हणतात आणि पाठोपाठ ‘एक्स-शोरूम’ असं काही जोडतात की वाटावं, यांचा सौदा फक्त रोड टॅक्सवर अडलाय.

“आता घेऊ नोको गा,” ते समोरच्याला बजावतात. “नवी येऊन राहिली.”

समोर असतो धानउत्पादक. त्याच्या बोनसचे पैसे अजून खात्यात पडायचे असतात. तो क्षणभर विचार करतो आणि म्हणतो, “नाही घेत.”

बातमीला सूत्र लागतं, आणि सूत्रांच्या बाबतीत आपला जिल्हा नशीबवान. गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना आहे. तिथे गिअरबॉक्स बनतात, त्या ट्रकच्या, हे खरं. पण गिअर तो गिअर, असं भाऊंचं मत. वरठीला सनफ्लॅगचं पोलाद. एखाद्या आठवड्यात तिथून ट्रेलर जास्त निघाले की भाऊंना वाटतं, कुठेतरी काहीतरी शिजतंय. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत त्यांचा एक मावसभाऊ आहे. तो कामाबद्दल घरच्यांनाही काही सांगत नाही. त्याला एकदा जीटी-आरबद्दल विचारलं, तर तो नुसता पाहत राहिला. “नाही म्हणाला नाही,” भाऊंनी दुसऱ्या दिवशी ढाब्यावर जाहीर केलं.

पण भाऊंच्या तर्कशक्तीचा कळस म्हणजे मॅंगनीज. तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून मॅंगनीज डायऑक्साइड निघतं, टॉर्चच्या सेलमध्ये घालायचं. २०२३ च्या ऑक्टोबरात निस्सानने टोकियोच्या प्रदर्शनात हायपर फोर्स नावाची विजेवरची नमुना-गाडी ठेवली. कंपनीने नाव घेतलं नाही, पण जगभरच्या शौकिनांनी ही पुढची जीटी-आर असं ठरवून टाकलं. भाऊंनी ती मोबाइलवर पाहिली आणि डोळे मिटून घेतले. गाडी बॅटरीवर, बॅटरी म्हणजे सेल, सेलमध्ये मॅंगनीज, मॅंगनीज आपलं. “चावी आपल्या तुमसरात हाय,” ते हळूच म्हणाले. त्या दिवसापासून ते खाणीकडून येणाऱ्या डंपरकडे वेगळ्या नजरेने पाहतात. डंपरवाल्यांना वाटतं, हा आरटीओचा माणूस.

तारीख देण्याचं त्यांचं एक शास्त्र आहे. ती इतकी लांब नसावी की ऐकणारा उठून जाईल, आणि इतकी जवळही नसावी की कोणी लक्षात ठेवेल. दिवाळी बरी. दिवाळी हुकली तर पाडवा. दोन्ही हुकले तर माल बंदरावर अडला, चिप मिळेना, येन घसरला. तारीख चुकत नाही, पुढे ढकलली जाते. आणि ढकलली हीसुद्धा आतल्या गोटातली बातमीच, पहिल्यापेक्षा पक्की.

त्यांना हसणाऱ्यांनी आधी ते कुठे वाढले ते पाहावं. पवनी तालुक्यात २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन केलं, तेव्हा खर्च धरला होता ३७२ कोटी. भाऊ शाळकरी होते, वडिलांबरोबर सभेला गेले होते. पुढच्या साली पाणी, असं कोणीतरी तिथेच सांगितलं. नंतर खर्चाचा आकडा हजारो कोटींत गेला, २००९ मध्ये प्रकल्प राष्ट्रीय झाला, कालवे खणले गेले आणि भाऊंचं लग्नही होऊन गेलं. ज्या माणसाने शेतातल्या पाण्याच्या इतक्या तारखा ऐकल्या, त्याला निस्सानने काय घाबरवावं?

आणि जय? नागझिऱ्यात जन्मलेला तो वाघ २०१३ मध्ये उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात आला, साऱ्या देशात गाजला आणि २०१६ च्या एप्रिलात नाहीसा झाला. वनखात्याने शोधला, सापडला नाही. भाऊंना मात्र तो पुढची दोन वर्षं सापडत होता. कधी कोक्याच्या बाजूला, कधी पवनीच्या नाल्यावर, नेहमी अंधारात आणि नेहमी पाठमोरा. एकूण सरावच तगडा.

घरी हे प्रकरण जरा जड जातं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला तरी कूलर घ्यायचा नाही, कारण नवीन टेक्नॉलॉजी येऊन राहिली. शेवटी वहिनींनी बचत गटाचं कर्ज काढून एक आणला, खिडकीत बसवला आणि म्हणाल्या, “घ्या, आला.” भाऊ त्याच्यासमोर झोपले, पण त्याच्याशी बोलले नाहीत.

आलेल्या वस्तूबद्दल त्यांना अशी एक अढीच आहे. टाटांच्या सिएराचं तेच झालं. १९९१ ची तीन दारांची ती गाडी, मागच्या मोठ्या काचांमुळे लोकांच्या डोळ्यांत बसलेली. ती बंद पडली, पुढे २०२० च्या ऑटो एक्स्पोत नव्या सिएराचा नमुना दिसला आणि भाऊंनी मेहुण्याला थांबवलं. मेहुणा थांबला. कोविड झाला, मेहुण्याची दाढी पिकली. २५ नोव्हेंबर २०२५ ला सिएरा खरोखर बाजारात आली. खरं तर भाऊंनी पेढे वाटायला हवे होते. ते तीन दिवस ढाब्यावर फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी आले ते उतरलेल्या चेहऱ्याने. आता तिची किंमत शोरूममधला कालचा पोरगाही सांगत होता. मेहुण्याने दरम्यान ट्रॅक्टर घेतला होता.

याउलट टाटांचीच रेसमो. २०१७ च्या मार्चमध्ये जिनिव्हाला दाखवलेली दोन सीटची चिमुकली स्पोर्ट्स कार, पुढे कंपनीने गुंडाळून ठेवली. तिच्याविषयी भाऊ अजून गहिवरून बोलतात. जी येणारच नाही ती त्यांना कधीही दगा देणार नाही. टोयोटाच्या सुप्रानेही एके काळी असंच सुख दिलं होतं. चौथी पिढी २००२ मध्ये थांबली आणि पाचवी उजाडायला २०१९ चा जानेवारी लागला. मधली सतरा वर्षं! भाऊ हा आकडा सांगतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे बांध्यान् बांध्या पसरलेलं धानाचं हिरवंगार शिवार असावं असं वाटतं.

म्हणून २०२५ च्या ऑगस्टमध्ये जपानात शेवटची जीटी-आर कारखान्याबाहेर पडली, तेव्हा आम्ही काही जण भाऊंना भेटायला गेलो, अगदी सांत्वनाच्या तयारीने. भाऊ दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. जुनी गेली, नवीची तारीख कंपनी सांगत नाही, नाव मात्र परत येणार म्हणते. “आता मैदान मोकळं,” ते म्हणाले आणि त्या दिवशी चहाचे पैसे त्यांनी स्वतः दिले. ढाबेवाल्याने नोट उजेडात धरून पाहिली.

यंदाच्या हिवाळ्यात लाखनीच्या पुढे एक खरीखुरी स्पोर्ट्स कार थांबली. पिवळी, दोन दारांची, जमिनीला पोट लावून बसलेली. ढाब्याकडे वळायच्या गतिरोधकावर तिचं नाक अडलं होतं. कुठली होती ते मला कळलं नाही, मला सगळ्या सारख्याच दिसतात. क्षणात पोरं जमली, मोबाइल निघाले, एक म्हातारा वाकून इंजिन मागे कसं हे बघू लागला. भाऊ तेवढे जागचे हलले नाहीत. त्यांनी चहा संपवला, मग सावकाश गेले आणि काचेवर टकटक केली. आत नागपूरचे कोणी बिल्डर असावेत, मनगटावर सोनं.

“कधी घेतली साहेब?”

“मागच्या महिन्यात.”

भाऊंनी गाडीवरून नजर फिरवली, जीभ टाळ्याला लावून ‘च्’ केलं आणि नुसतेच रस्त्याच्या टोकाकडे पाहत राहिले.

“का? काय झालं?”

“नाही, काही नाही. जरा थांबले असते तर...”

बिल्डरने इंजिन बंद केलं. काच पूर्ण खाली घेतली.

“कधी येतेय?”