दुसऱ्याची साखर

मधुमेह हा दुसऱ्याला होणारा आजार आहे, यावर आपल्याकडे एकमत आहे. सडपातळ माणूस म्हणतो, ‘तो जाड्यांचा रोग.’ जाडा म्हणतो, ‘आमच्या घराण्यात नाही कुणाला.’ आणि ज्याच्या घराण्यात आहे तो ‘मी गोडाला हातच लावत नाही’ असं म्हणत तिसऱ्यांदा भात वाढून घेतो.

यातला सडपातळ माणूस मी. माझा बुरूज ढासळवला तो पुण्याच्याच केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी. ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये झळकला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, 22.3. अंगातली चरबी मात्र साहेबाची 9.1 टक्के आणि आपल्या माणसाची 21.2! म्हणजे आपण वरून काटक, आतून लोणी.

त्यात चेन्नईच्या संशोधकांनी खास भारतीयांसाठी एक गुणपत्रिका काढून ठेवली आहे. वय, कंबर, हालचाल आणि आईवडील, एवढे चारच विषय. शंभरात साठ किंवा जास्त पडले की धोका मोठा. आमच्या मेहुण्यांनी ही परीक्षा रविवारी जेवणं झाल्यावर घेतली, शिवणाच्या डब्यातल्या टेपनं. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत असेल तर शून्य गुण. टेप बेंबीवर आली की जो तो श्वास रोखून छताकडे बघायचा. मेहुणे 89, मी 92. मोजणी जेवणानंतर झाल्याची माझी हरकत फेटाळण्यात आली. हालचालीच्या विषयात मी ‘रोज भाजी आणतो’ असं सांगितलं. ‘फोनवरून,’ बायको म्हणाली. बसून राहण्याचेच 30 गुण पदरात पडले. बेरीज 80! शाळेत असते तर पेढे वाटले असते.

उपाय ठाऊक नाही असं थोडंच आहे? अमेरिकेतल्या 2002 च्या मोठ्या अभ्यासात थोडं वजन उतरवून आठवड्याला दीडशे मिनिटं चालणाऱ्यांचा धोका 58 टक्क्यांनी घटला. गोळीनं घटला 31 टक्क्यांनी. हे आकडे मी सगळ्यांना सांगतो, सोफ्यावरून. डोळे, मूत्रपिंडं, पाय यांची भीती घातली की माणूस कारल्याचा रस आणतो. बूट नाही घालत.

मेहुण्यांचं 89 मात्र मनाला लागलं. हल्ली पहाटे टेकडीवर जातो. तिथं कुणाला व्याह्यांच्या आधी माथा गाठायचाय, कुणाला मुलीच्या लग्नात जुना सूट चढवायचाय. स्वादुपिंडाच्या काळजीनं आलेला अजून कुणी भेटलेला नाही. स्वादुपिंडाचीही त्याबद्दल तक्रार नसावी.

परवा मेहुण्यांचा फोन आला, ‘पाडव्याला येतोय, टेप काढून ठेवा.’

म्हटलं, ‘या. पण मोजायचं श्रीखंडाच्या आधी.’