बोर्डिंगराव

सारखं विमानानं फिरणारा माणूस सुखी असतो की दुःखी, हे त्यालाच विचारू नये. नांदेडात तर मुळीच विचारू नये. उत्तर द्यायला त्याला दीड तास लागतो, आणि तेवढ्यात विमान हैदराबादला पोचून प्रवासी टॅक्सीचं भाडं ठरवत असतात.

आमच्याकडच्या या माणसाचं नाव गावानं बोर्डिंगराव ठेवलंय. मूळ नाव सातबाऱ्यावर असेल. नव्या मोंढ्यात बी-बियाण्यांचं आणि औषधांचं दुकान. कंपन्यांच्या मिटिंगा हैदराबादला, मुंबईला, कधी दिल्लीला. आधी हा माणूस देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला जायचा. अप्पर बर्थवर पाय दुमडून रात्र काढायचा, सकाळी बादलीभर पाण्यानं अंघोळ करून मिटिंगला बसायचा. गाडी चार तास लेट झाली तरी ‘आली की’ एवढंच म्हणायचा. त्याच्या तोंडून ‘हाल’ हा शब्द कुणी ऐकला नव्हता.

२७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी शिमल्याहून उडान योजनेची विमानसेवा सुरू केली, आणि त्याच दिवशी नांदेड–हैदराबाद विमानही उडालं. तासाभराच्या प्रवासाला निम्म्या जागांचं भाडं अडीच हजारांच्या आत. हवाई चप्पल घालणाऱ्यानं विमानात बसावं, अशी त्यामागची कल्पना. बोर्डिंगरावांनी त्या तिकिटासाठी मुद्दाम बूट घेतले, आणि ते चावले. तिथून त्यांच्या दुःखाला जे तोंड फुटलं, ते आजतागायत मिटलेलं नाही.

“काय सांगावं, उद्या परत जाऊलालो. जीव नको झालाय बगा.”

हे वाक्य ते आयटीआय चौकातल्या चहाच्या हॉटेलात बोलतात. आवाज शेजारच्या टेबलावर नीट पोचेल एवढा असतो. घरी हे वाक्य बोलत नाहीत. एकदाच बोलले होते, तर काकू भाजी निवडता निवडता म्हणाल्या, “मग नका ना जाऊ.” त्यावर बोर्डिंगरावांकडे उत्तर नव्हतं.

त्यांच्या हालांची यादी आता चौकातल्या चहावाल्यालाही पाठ आहे. आदल्या दिवशी दुकानातल्या काट्यावर बॅग चढवायची. पंधरा किलोच्या वर गेली तर धपाटे काढायचे, तरी भरली तर कंपनीच्या पत्रकांचा गठ्ठा काढायचा. (मला विचाराल तर क्रम उलटा पाहिजे, पण पत्रकांवर कंपनीचा लोगो असतो.) एकदा काकूंनी हातातल्या पिशवीत येसर बांधून दिलं. तपासणीच्या मशीनवर ती तपकिरी पूड पाहून जवानानं विचारलं, “ये क्या है?” येसर हिंदीत सांगायचं कसं? बोर्डिंगराव म्हणाले, “आमटी का पावडर.” जवानानं ‘पावडर’ एवढंच ऐकलं. पुढची दहा मिनिटं नांदेडच्या विमानतळावर येसराचा जेवढा वास घेतला गेला, तेवढा आमच्या गावजेवणातही कुणी घेत नाही.

वर गेल्यावरचे हाल वेगळे. मोठ्या जेटमध्ये आतल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तेवढाच राखतात. हे त्यांनी कुठंतरी वाचलं, आणि कळसूबाई चोपन्नशे फुटांची आहे हे त्यांना शाळेपासून माहीत होतं. आता ते म्हणतात, “आम्ही महिन्यातनं दोनदा कळसूबाईच्याही वर बसतो. खुर्चीत बसून. पट्टा बांधून.” हवा कोरडी, कानांना दडे बसलेले, जिभेची चव गेलेली. “वर ठेचासुद्धा फिका लागतो हो!” मराठवाड्याच्या माणसाला याहून मोठं दुःख सांगता येत नाही. ऐकणारा हळहळतो. बोर्डिंगराव मग त्याच्या चहाचेही पैसे देतात.

मला वाटतं, हे पैसे म्हणजे तिकिटाचाच भाग आहे. त्यांना विमान आवडतं की नाही, हे सांगणं अवघड. विमानात ते डोळे गच्च मिटून बसतात. पण त्याचे हाल सांगायला त्यांना मनापासून आवडतं, आणि ते सांगायचे तर आधी जावं लागतं.

त्यांचा खरा वनवास २०२२ मध्ये सुरू झाला. नांदेडहून उडणारी ट्रूजेटची विमानं बंद पडली, आणि चौकात सांगण्यासारखं काही उरलं नाही. २०२४ मध्ये स्टार एअरची विमानं आली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा त्रासिक टवटवी दिसू लागली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये धावपट्टीच्या कारणावरून उड्डाणं काही काळ थांबली, आणि नेमकी त्याच दिवसांत मुंबई–जालना वंदे भारत नांदेडपर्यंत वाढली. जो भेटेल तो म्हणे, “आता वंदे भारतनं जात जा की! पहाटे बसलं की दुपारी मुंबई.” बोर्डिंगराव एकदा गेले. गाडी वेळेवर सुटली, वेळेवर पोचली. परतल्यावर चौकात कुणी विचारलं, “कसा झाला प्रवास?” ते म्हणाले, “बरा झाला.” विषय तिथंच संपला. इतका बेचव चहा त्यांनी आयुष्यात घेतला नसेल.

बोर्डिंगरावांचे व्याही लातूरचे. डाळमिलवाले. लातूरला धावपट्टी आहे, मोठी माणसं खासगी विमानानं उतरतातही. पण तिकीट काढून बसावं असं नियमित विमान नाही. तिथले विलासराव मुख्यमंत्री झाले, चाकूरकर तर केंद्रात नागरी विमान वाहतुकीचे राज्यमंत्रीही होते, तरी डाळमिलवाल्यांनी अजून रात्री नऊला जेवून गाडीनं निघायचं, बिदरमार्गे पहाटे हैदराबाद गाठायचं आणि मग विमानात बसायचं. त्यामुळं दुःखाच्या बाबतीत ते बोर्डिंगरावांपेक्षा वरचढ ठरतात. “तुमचं काय पाव्हणं! घरून निघालं की वीस मिन्टात विमानतळ. आमाला इमानापातूर जायलाच सहा तास लागतेत.” बोर्डिंगरावांना हे सोसत नाही. ते लगेच सांगतात की कितीदा तरी मुंबईला जायला त्यांना आधी हैदराबाद गाठावं लागलंय. जायचं मावळतीला, आणि निघायचं उगवतीकडं! लग्नकार्यात हे दोघं समोरासमोर बसले की वाढपी त्यांच्या पंगतीकडं जायला धजत नाहीत.

एका गोष्टीत मात्र दोघांचं एकमत आहे. बॅगेच्या मुठीला विमानतळावर जी पांढरी चिकटपट्टी लावतात, ती ते काढत नाहीत. कुणी विचारलं तर म्हणतात, “निघतच नाही हो, फार पक्की असते.” अक्षरं उडाली, पट्टी पिवळी पडली, तरी ती बॅग लग्नाला, बारशाला, दहाव्याला दारातच ठेवलेली असते, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात येईल अशी.

गेल्या दिवाळीत बोर्डिंगरावांची पुतणी बेंगळुरूहून आली. संगणकाच्या कंपनीत आहे, कामासाठी जवळजवळ दर आठवड्याला कुठं ना कुठं उडते. सगळं घर तिच्याभोवती बसलं. बोर्डिंगराव पुढं सरकले. आपल्या तोडीचं कुणी तरी भेटलं या आनंदात त्यांनी विचारलं, “लई हाल होत असतील ना गं?”

“नाही हो काका. बसले की झोपते. उतरताना उठवतात.”

“आणि उशीर झाला तर?”

“तिथंच झोपते.”

बोर्डिंगरावांनी तिच्या पाठीवरच्या छोट्याशा सॅककडं पाहिलं. पट्टी नव्हती.

“तुझी बॅग?”

“हीच. मोठी बॅग कशाला न्यायची? तुम्ही पण नका नेत जाऊ काका, वेळ वाचतो.”

त्या रात्री ते जेवले नाहीत, असं काकू सांगत होत्या. सकाळी मात्र चौकात आले, चहा मागवला आणि शेजारच्या टेबलाकडं वळून म्हणाले, “आजकालच्या पोरांना विमानात साधा त्रास करून घेता येत नाही बगा.”