नावं ठेवणाऱ्या अज्ञात सद्गृहस्थांस

स.न.वि.वि.

आपण कोण, कुठे बसता, मला माहीत नाही. पण म्युच्युअल फंडांच्या योजनांना आणि त्यांतल्या बारीकसारीक कलमांना नावं ठेवणारं कुणीतरी असणारच. नावं ठेवण्यात आमचं घराणंही मागे नाही, तेव्हा एका कलावंताने दुसऱ्याला लिहावं तसं हे पत्र.

माझे वडील निवृत्त तलाठी. पोटखराबा, आणेवारी, फेरफार असले शब्द त्यांनी तीस वर्षं लोकांच्या अंगावर टाकले आणि समोरच्याने ‘भाऊसाहेब, म्हणजे काय?’ विचारलं की चष्म्यावरून नुसतं पाहिलं. अशा माणसाला तुम्ही एका दुपारात गप्प केलंत. निवृत्तीची रक्कम खात्यात पडल्याचा वास लागताच बँकेतला एक तरतरीत मुलगा घरी आला. पोहे झाले, चहा झाला. मग त्याने फॉर्मांची चळत काढली. सही करायची त्या प्रत्येक जागी पेन्सिलने आधीच फुली मारलेली होती. ‘काका, या नव्या फंडाची एनएव्ही फक्त १० रुपये आहे. जुन्याची ५०० झालीय!’ महागाई भत्त्यावर घर चालवलेल्या माणसाला १० आणि ५०० यांतला फरक शिकवावा लागत नाही. शिवाय २०१७ पासून टीव्हीवर म्युच्युअल फंड ‘सही’ असल्याचं ते ऐकतच होते. हिंदीत त्याचा अर्थ काहीही असो, आमच्याकडे सही म्हणजे सही. त्यांनी केली. फुलीगणिक एक.

संध्याकाळी मी कागदावर मांडून दाखवलं. एनएव्ही म्हणजे फंडातल्या शेअर-रोख्यांची त्या दिवशीची एकूण किंमत, देणी वजा करून, युनिटांच्या संख्येने भागलेली. १ लाखाला १० च्या भावाने १०,००० युनिट येतात, ५०० च्या भावाने २००. दोन्हीकडचे शेअर १० टक्क्यांनी वाढले की दोन्हीकडे १ लाख १० हजारच होतात. बाबा क्षणभर थांबले. ‘म्हणजे शेत तेवढंच. एकाने गुंठ्याचे तुकडे पाडलेत, दुसऱ्याने एकराचे.’ हे वाक्य त्यांना आधी सुचलं असतं तर त्या मुलाचे पोहे हुकले असते. सुचू दिलं नाहीत, यातच तुमची तपश्चर्या दिसते.

बाकी किरकोळ करामतीही दाद देण्याजोग्या आहेत. ‘युनिट’ वाढलं की आनंद मानायचा, हे विजेचं बिल भरणाऱ्याच्या गळी उतरवणं सोपं नव्हतं. ‘एक्झिट लोड’ ऐकून आई म्हणाली, ‘पुन्हा लोडशेडिंग?’ (अनेक इक्विटी फंडांत वर्षाच्या आत पैसे काढले तर १ टक्का कापतात, एवढंच ते आहे.) आणि तो रिस्कोमीटर! सहा टप्पे, अर्धगोल, वर काटा. इक्विटी फंडांचा काटा बहुधा उजव्या टोकाला, ‘अति उच्च’ जोखमीवर टेकलेला. बाबांनी निरखून पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, ‘टाकी फुल दिसतेय.’

पण तुमची खरी कमाल डिव्हिडंडमध्ये. बाबांच्या डोक्यात डिव्हिडंड म्हणजे वरकड कमाई, झाडाचं फळ. त्या मुलानेही फळच दाखवलं होतं: ‘काका, दर महिन्याला येत राहील.’ आता २५ रुपये एनएव्ही असलेल्या फंडाने युनिटमागे १ रुपया वाटला की एनएव्ही २४ वर येते. बाजाराचं वरखाली वेगळं. मिळालेला रुपया आपलाच होता, आणि २०२० पासून तो आपल्या उत्पन्नात धरून त्यावर आपल्या टप्प्याप्रमाणे कर लागतो. आईला हे समजायला अर्धा मिनिट लागला. ‘म्हणजे आपल्याच डब्यातला लाडू काढून आपल्याला प्रसाद म्हणून दिला, आणि वर दक्षिणाही घेतली.’

गंमत म्हणजे हे बाजाराच्या नियामकाला, सेबीलाही खटकलं. १ एप्रिल २०२१ पासून डिव्हिडंड हे नाव काढून टाकलं. नवं नाव अगदी प्रामाणिक होतं: ‘इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विथड्रॉवल’. ‘यात तुमचं भांडवलही काढून देतोय’ असं नावातच सांगितलेलं. आम्हाला वाटलं, संपलात तुम्ही. पण तुम्ही शांतपणे त्याचं ‘आयडीसीडब्ल्यू’ केलंत! प्रामाणिकपणाची चारच अक्षरं उरली आणि ती कुणाला उच्चारता येईनात. बँकेतला मुलगा अजून डिव्हिडंडच म्हणतो.

मल्टी कॅपचं प्रकरणही असंच. बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्या लार्ज, पुढच्या १५० मिड, २५१ पासून खाली स्मॉल. सप्टेंबर २०२० मध्ये हुकूम निघाला की मल्टी म्हणवायचं तर तिन्हींत किमान २५-२५ टक्के ठेवा. दोन महिन्यांत ‘फ्लेक्सी कॅप’ हा नवा प्रकार जन्मला आणि अनेक मल्टींनी माहेरचं नाव टाकून फ्लेक्सी लावलं. पोर्टफोलिओ फारसा हलवावा लागला नाही.

राहता राहिलं ‘रेग्युलर’. काय शब्द निवडलात! रेग्युलर म्हणजे सरळमार्गी, साधं, सगळे घेतात ते. ‘डायरेक्ट’ म्हणजे काहीतरी धाडस. वास्तविक १ जानेवारी २०१३ पासून दोन्ही प्लॅन शेजारी-शेजारी मिळतात. फंड तोच, शेअर तेच, मॅनेजर तोच. रेग्युलरच्या खर्चात, म्हणजे ‘एक्स्पेन्स रेशो’त, विक्रेत्याचं कमिशन असतं, आणि हा खर्च कुणी मागायला येत नाही, रोज एनएव्हीतूनच थोडा थोडा वळता होतो. समजावून सांगणाऱ्याने त्याबद्दल पैसे जरूर घ्यावेत; माझी तक्रार नाही. पण महिन्याला १०,००० रुपये २० वर्षं भरले आणि १२ टक्के धरले (धरलेच, मिळतील असं नाही) तर साधारण १ कोटी होतात. त्यातला १ टक्का गेला, ११ धरले, तर ८७ लाखांच्या आसपास. पोहे एवढे महाग पडतात हे आईला अजून सांगितलेलं नाही.

बाबांना मात्र सांगितलं. ते बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘एक्स्पेन्स रेशो म्हणजे पोटखराबा रे, लागवडीला निकामी तुकडा. उताऱ्यावर लिहिलेला असतो. पण जमीन दाखवायला नेतात तेव्हा त्या कोपऱ्यात कुणी नेत नाही.’ आवाजात राग नव्हता. व्यवसायबंधूबद्दलचा आदर होता.

आपला,
एक युनिटधारक

ता. क. पत्र मिळाल्याची पोच हवी आहे. खाली उजव्या कोपऱ्यात पेन्सिलने फुली मारून ठेवली आहे, तिथे सही करावी. मजकूर वाचला नाही तरी चालेल.