फोटो ‘सुधारून’ दिल्याबद्दल

श्रीयुत लॅबमालक साहेब यांसी,
सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

पत्रास कारण की, गावच्या शाळेतल्या प्रदर्शनासाठी जुन्नर-आंबेगावचे तीन फोटो आपल्याकडे छापायला दिले होते. ते मिळाले. ‘थोडे सुधारून दिलेत,’ असं आपण मोठ्या मनानं सांगितलंत, वर सुधारणेचे पैसेही लावले नाहीत. अशी निरपेक्ष सेवा चारचौघांना कळावी, म्हणून हे पत्र उघडं लिहितो आहे.

सुरुवात शिवनेरीपासून. फोटो तीनास दोन या मापाचा, म्हणून १२ बाय १८ इंच सांगितला होता, तंतोतंत बसतो. पण आपल्याकडे १२ बाय १५ची फ्रेम पडून होती. ती वाया कशाला घालवायची? तीन इंच किल्ला गेला. त्या तीन इंचांत कडेलोट टोक होतं. त्या टोकावरून गुन्हेगारांना लोटत, असं लहानपणापासून ऐकत आलो. खुद्द टोकालाच लोटून देण्याचा मान आपला.

गडावर आषाढातलं धुकं उतरलं होतं. आपल्या मशीनच्या ‘ऑटो’नं ते क्षणात पुसलं आणि आभाळ निळंशार केलं. त्या धुक्यासाठी मी तीन पहाटा पायथ्याशी भिजत उभा होतो. आधी कळवलं असतंत, तर मे महिन्यात दुपारचं जेवण आटोपून निवांत निघालो असतो.

दुसरा फोटो पिंपळगाव जोगा धरणाच्या काठावरच्या रोहित पक्ष्यांचा. उभा रोहित पांढुरका दिसतो, त्यावर गुलाबीची नुसती झाक. पंख उघडले की लाल रंग पेटतो, म्हणून तर त्याला अग्निपंख म्हणतात. माझे पक्षी पंख मिटून उभे होते. आपण त्यांना गुलालानं न्हाऊ घातलंत. आता तो थवा ग्रामपंचायतीची निवडणूक जिंकून आल्यासारखा दिसतो.

फाइल पेनड्राइव्हमध्ये आणली होती, ६००० बाय ४००० पिक्सेलची. १८ इंचांत इंचामागे ३३३ पिक्सेल. चांगल्या प्रिंटला ३०० पुरतात. पण काउंटरवरचे चिरंजीव म्हणाले, ‘काका, व्हॉट्सॲपला टाका, सोपं पडतं.’ सोपं पडलं खरं. ६०००चे साधारण १६०० उरले, इंचामागे ९०सुद्धा नाहीत. आपल्याच खोडदला ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ती अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या क्षीण लहरी टिपते. माझा फोटो मात्र काउंटरपासून मशीनपर्यंतच्या आठ फुटांत विरला.

‘आमच्या स्क्रीनवर तर बरोबर दिसतंय,’ हेही आपलं म्हणणं मान्य. स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागदाला खोलीतल्या उजेडावर भागवावं लागतं. म्हणून काही हौशी लोक आधी स्क्रीनचे रंग मोजून जुळवून घेतात, त्या कागदाचं आणि शाईचं प्रोफाइल लावतात, चार बोटांची पट्टी छापून गिऱ्हाइकाला दाखवतात. मी पट्टी मागितली तर आपण दुखावलात. ‘विश्वास नाही का?’ म्हणालात. होता. तोही त्या तीन इंचांत होता.

या आपल्याच पुणे जिल्ह्यात, मळवलीला, राजा रविवर्म्यांचा छापखाना होता; १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे तिकडे गेला. तिथे दगडावरून छपाई चाले. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक रंग नेमका बसेपर्यंत पुन्हा पुन्हा नमुना काढायचा. बिचाऱ्यांकडे ‘ऑटो’ नव्हतं, म्हणून डोळे वापरावे लागत.

कागद मी मॅट सांगितला होता, कापसाचा, आम्लविरहित, शाई पिगमेंटची. आपण चकचकीत कागद दिलात, वर लॅमिनेशन फुकट. समोर उभं राहिलं की शिवनेरीवर ट्यूबलाइट उगवते. ‘लाइफटाइम गॅरंटी’ म्हणालात. खिडकीशेजारी टांगलेला रोहित दोन उन्हाळ्यांतच फिका पडला. ते लाइफ कुणाचं, एवढंच विचारायचं राहून गेलं.

आता तिसरा फोटो. इथे मात्र आभार मानताना शब्द अडतात, सांभाळून घ्यावं.

ज्या आंबेगावानं तालुक्याला नाव दिलं, ते गाव डिंभे धरणात गेलं. माझं आजोळ तिथलं. घर सोडण्याआधी मामानं काढलेला हा पोस्टकार्डाएवढा एकच फोटो. निगेटिव्ह बुरशीनं कधीच खाल्ली. ओसरी, दारात उभी आजी आणि तिच्या मागची भिंत. आपण तो स्कॅन केलात, मोठा केलात. आजीच्या सुरकुत्या काढल्यात, तिला वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या भावी सरपंचासारखी गोरीपान केलीत. ‘आणि भिंतीवरचा तो डागही काढला बरं का,’ असं कौतुकानं सांगितलंत.

साहेब, तो डाग नव्हता. मोजणीवाल्यांनी रंगानं टाकलेला घराचा नंबर होता तो. कागदोपत्री आमचं घर म्हणजे तो नंबर. आजी मुद्दाम त्याच्या शेजारी उभी राहिली होती, ‘हा यायला पाहिजे’ म्हणून मामाला बजावून. आता भिंत इतकी स्वच्छ आहे की या घरातून कुणाला उठावं लागलं होतं, यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

तरी एक विनंती आहे. तिसरा फोटो पुन्हा छापून द्यावा. पैसे पुन्हा देतो, दुप्पट देतो. सुरकुत्यांसह, पिवळेपणासह, डागासह. त्यात सुधारण्यासारखं होतं ते सुधारायला तेव्हा कुणी आलं नाही. आता आपण तसदी घेऊ नये.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक ‘सुधारलेलं’ गिऱ्हाईक

ता. क. : उत्तर द्यायचं झाल्यास व्हॉट्सॲपवर टाकू नये. पोचेपर्यंत त्यातलं बरंचसं गळून जातं.