सहामाही मॅनेजर

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे मॅनेजर म्हणतात. बँकेत ते मॅनेजर नाहीत, आणि पन्नाशी उलटल्यावर आता होतील असंही नाही; चकाल्याच्या एका सहकारी बँकेत ते क्लिअरिंगचं टेबल सांभाळतात. ही बढती त्यांना बी विंगच्या पोरांनी दिली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या वीसच्या वीस संघांचा कारभार ते मुलुंड पूर्वेच्या आपल्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून पाहतात, म्हणून.

हा प्राणी मुलुंडपुरता नाही. घाटकोपरला गारोडिया नगरात तो सापडतो, बोरिवलीच्या आयसी कॉलनीत तर बिल्डिंगमागे दोन निघतील. अंधेरीला लोखंडवाल्यात जर्सी चढवून पबच्या मोठ्या पडद्यासमोर ओरडणारी तरुण मंडळी दिसतात, त्यांची जात वेगळी. त्यांचा संघ हरला की सोमवारी सकाळी ती विसरलेली असतात. आपला माणूस घरी बघतो, टीव्हीचा आवाज चारवर ठेवून, कारण आत बायको झोपलेली असते. गोल झाला तर तोंडावर उशी धरून ओरडतो. आणि विसरत तो काहीच नाही.

ऑगस्ट ते डिसेंबर मॅनेजर फारसे बोलत नाहीत. विचारलंच तर म्हणतात, “अजून फार लवकर आहे हो.” ३८ सामन्यांच्या मोसमातले १९ सामने नाताळ-नववर्षाच्या सुमारास पुरे होतात आणि मग त्यांना कंठ फुटतो. मुलुंडला तेव्हा थंडी पडते. म्हणजे राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरावरून जे काही खाली येतं त्याला आम्ही थंडी म्हणतो. डोक्याला माकडटोपी, गळ्यात मँचेस्टर युनायटेडचा लाल लोकरी मफलर (वर्षातला एक आठवडा गळ्यात, उरलेलं वर्ष डांबराच्या गोळ्यांत), हातात एलआयसीची डायरी, अशा थाटात ते गेटजवळच्या बाकावर येऊन बसतात. डायरीत वीस संघांची सहामाही लिहिलेली असते. प्रत्येकाला दहापैकी गुण, खाली शेरा, आणि जानेवारीत खेळाडू-खरेदीची ‘खिडकी’ उघडी असताना कोणाला विकत घ्यावं याबद्दल सूचना. या सूचना इंग्लंडला कळवायची सोय नाही, याचं त्यांना वाईट वाटत नाही. शेरा महत्त्वाचा.

सहामाहीच का, असा प्रश्न मला बरेच दिवस पडायचा. वार्षिक निकाल कोणीही सांगेल, तक्ता समोर असतो. सहामाहीला निम्मं घडलेलं असतं आणि निम्मं बाकी, त्या फटीत अक्कल चालवायला भरपूर जागा मिळते. शिवाय डिसेंबरचं भाकीत मे महिन्यात तपासायला कुणी फिरकत नाही. तोवर आंबे आलेले असतात, आयपीएल रंगात असते.

मॅनेजर मात्र आपलं भाकीत पुराव्यानिशी मांडतात, हे मान्य करायला हवं. नाताळला पहिला असलेला संघ शेवटी पहिला येतोच असं नाही, हे त्यांचं आवडतं प्रमेय. १९९२ च्या नाताळात नॉर्विच पहिलं होतं. शेवटी तिसरं आलं, तेही केलेल्या गोलांपेक्षा खाल्लेले गोल जास्त असताना. १९९६ च्या जानेवारीत न्यूकॅसल बारा गुणांनी पुढे होतं, आणि चषक युनायटेडनं नेला. उलट बाजूनं बघा, असं म्हणून ते पान उलटतात: नाताळला तळाला असलेला संघ वाचत नाही, असं सगळे समजून चालले होते, तो वेस्ट ब्रॉम २००५ मध्ये वाचला. लेस्टरचं पान मात्र ते पटकन उलटतात. मी एकदा ते नीट पाहिलं. डिसेंबर २०१५, लेस्टर पहिल्या नंबरावर, आणि खाली निळ्या शाईत शेरा: ‘फेब्रुवारीत फुगा फुटेल.’ मोसमाच्या सुरुवातीला लेस्टरच्या विजेतेपदावर सट्टेवाले एकास पाच हजार देत होते, म्हणजे शेऱ्यात वावगं काही नव्हतं. २०१६ च्या मे महिन्यात लेस्टर अजिंक्य ठरलं. शेऱ्याखाली वेगळ्या शाईत एकच शब्द वाढवलेला आहे: ‘अपवाद.’

सगळ्या वीस शेऱ्यांचा पूर्ण श्रोता एकच, आमचा रात्रपाळीचा वॉचमन. ऑक्टोबरअखेर इंग्लंडमधली घड्याळं तासभर मागे गेली की तिथला रात्री आठचा सामना आपल्याकडे दीड वाजता सुरू होतो आणि साडेतीनला संपतो. त्या वेळी मॅनेजर खाली उतरतात. एव्हर्टनबद्दल बोलण्याची निकड पहाटे साडेतीनला का भासावी, हे बायकोला सांगता येत नाही. वॉचमनला जागं राहण्याचाच पगार असतो. २०२५ मध्ये एव्हर्टननं १८९२ पासूनचं गुडिसन पार्क सोडून नव्या मैदानात बिऱ्हाड हलवलं, तेव्हा मॅनेजर हळहळून म्हणाले, “एव्हर्टन शिफ्ट हो गया.” वॉचमन ताडकन उठला. “कब, साहब? टेम्पो का तो एंट्री नहीं हुआ!”

वेळेवरून आठवलं. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी तीनला सुरू होणारे सामने टीव्हीवर दाखवायला बंदी आहे. लोकांनी घरी न बसता जवळच्या छोट्या क्लबांच्या मैदानावर जावं, असा जुना हेतू. म्हणजे मँचेस्टरमधल्या माणसाला जो सामना घरबसल्या दिसत नाही, तो मुलुंडला साडेआठला पिठलं-भात खाताना दिसतो. “तिथल्यांना संपूर्ण चित्रच नसतं,” मॅनेजर सांगतात. इतक्या शांतपणे सांगतात, की इंग्रज लोकांची खरोखर दया येते.

युनायटेड सोडून बाकीच्या एकोणीस संघांना गुण देताना त्यांचा हात आखडता असतो. ‘डिफेन्सला भोक’, ‘मिडफिल्ड म्हणजे मोकळं पटांगण’, ‘बेंचवर कोण? कोणी नाही.’ २०२४-२५ च्या सहामाहीला नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ३७ गुण होते, पहिल्या तिघांत होतं बिचारं. मॅनेजरांनी सहा दिले. शेरा: ‘बघू.’ शेवटी फॉरेस्ट सातवं आलं, आणि हे ते मला लिफ्टमध्ये दोन वेळा सांगून गेले. त्याच दिवशी युनायटेड २२ गुणांवर चौदावं होतं. त्यांना मिळाले साडेपाच आणि शेरा ‘पायाभरणी सुरू’. मोसम संपला तेव्हा युनायटेड ४२ गुणांवर पंधरावं होतं. मी जरा छेडलं. मॅनेजर शांत. “चौदा आणि पंधरा. सातत्य बघा ना.” त्याच मोसमात सतराव्या आलेल्या टॉटनमनं युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात युनायटेडला १-० हरवून चषक नेला. टॉटनमच्या पानावर मॅनेजरांनी त्यानंतर काहीही लिहिलेलं नाही.

या मायेचं मूळ १९९९ मध्ये आहे. ते नुकते नोकरीला लागले होते. २६ मेच्या रात्री, म्हणजे आपल्याकडे २७ तारीख लागल्यावर, बार्सिलोनात युनायटेड बायर्न म्युनिकविरुद्ध एका गोलनं मागे होतं. नव्वद मिनिटं उलटल्यावर शेरिंगहॅमनं एक मारला, लगेच सोल्शारनं दुसरा. चाळीतल्या शेजाऱ्यांना चोर आल्याचा भास झाला, असं वहिनी सांगतात. अर्थात त्या तेव्हा तिथे नव्हत्या, सासूकडून ऐकलेलं. फुटबॉल घरात त्याआधीच होता. वडील रविवारी कूपरेजला रोव्हर्स कपचे सामने बघायला जात. १८९१ पासूनची ही स्पर्धा, मफतलाल, टाटा, एअर इंडिया असे इथले संघ तिच्यात खेळायचे. वडिलांनी कुणाला दहापैकी गुण दिल्याचं कुणाला आठवत नाही. ते नुसते बघून यायचे.

मॅनेजरांचा मेहुणा बोरिवलीला राहतो आणि आर्सेनलचा आहे. मुलुंड आणि बोरिवली एकाच डोंगराच्या दोन पायथ्यांना आहेत. मधे बिबट्यांचं जंगल असल्यानं रस्त्यानं वळसा घालून यायला दीड तास लागतो, पण सहामाहीला मेहुणा येतोच. २०२२-२३ ला तो पेढे घेऊन आला.

“भावजी, १९ मॅचमध्ये ५० पॉइंट! क्लबच्या इतिहासात असं झालेलं नाही.”

“नऊ देतो.”

“अहो, दहावा का अडवता?”

“दहावा मे महिन्यात घेऊन जा.”

मे महिन्यात मँचेस्टर सिटी ८९ आणि आर्सेनल ८४. त्या वर्षी मेहुणा आमरसाला आला नाही. पुढच्या दोन्ही मोसमांत आर्सेनल दुसरंच आलं, तेव्हा वहिनींनी भावासाठी रस डब्यातून बोरिवलीला पाठवायला सुरुवात केली.

घरात मॅनेजरांची गाठ खरी पडली ती मुलाशी. अलीकडे फुटबॉलमध्ये ‘एक्सजी’ म्हणून एक आकडा निघालाय. प्रत्येक फटक्यावरून गोल होण्याची शक्यता किती, हे मोजून बेरीज करतात. म्हणजे संघानं केले किती, यापेक्षा करायला हवे होते किती, ते कळतं. हरणाऱ्यांना हा आकडा फार प्रिय. मॅनेजरांनी कित्येक पराभव याच आकड्यावर धुऊन काढलेत. नववीतल्या मुलाला सहामाहीत भूमितीत ४० पैकी १४ पडले. मॅनेजर डायरी मिटून गंभीर झाले. मुलगा म्हणाला, “बाबा, पेपर बघा ना. मला एकतीस अपेक्षित होते. सगळे चान्स तयार केले, फिनिशिंग कमी पडलं.” यावर त्यांना काही बोलताच येईना. वहिनींनी दोघांकडे पाहिलं आणि क्लास लावून टाकला.

एक गोष्ट मात्र मला मॅनेजरांची कळत नाही. ते रोज घाटकोपरहून मेट्रोनं चकाल्याला उतरतात. तीन स्टेशनं पुढे आझाद नगर, तिथून अंधेरीचं क्रीडासंकुल चालत जाण्याइतकं जवळ. मुंबई सिटी या फुटबॉल क्लबचं घरचं मैदान ते. मुंबई सिटीनं २०२०-२१ मध्ये भारतातल्या लीगचे शील्ड आणि कप दोन्ही जिंकले, २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय संघ ठरला. २०१९ मध्ये तर मँचेस्टर सिटीच्याच मालकांनी या क्लबात ६५ टक्के हिस्सा घेतला होता, म्हणजे शत्रूला जवळून बघण्याचीही सोय झाली होती. बी विंगची पोरं झेंडे घेऊन जातात, घसा बसवून परत येतात. “काका, एकदा चला ना,” म्हणून त्यांनी किती वेळा तिकीट पुढे केलं. मॅनेजरांचं उत्तर ठरलेलं: “मैदानातून खेळ दिसतो रे, शेप दिसत नाही.” मला वाटतं, अडचण वेगळी असावी. तिथे पलीकडच्या खुर्चीवरचा माणूसही तोच सामना बघत असतो, आणि त्यालाही मत असतं.

मतांचा हा एवढा साठा असलेला माणूस सोसायटीच्या सभेत तोंड उघडत नाही. आमच्या पुनर्विकासाची चर्चा जेव्हापासून चालू आहे तेव्हापासून ते मागच्या रांगेत, पंख्याखाली बसतात आणि सही करून जातात. खाजगीत त्यांचा सिद्धांत तयार आहे: युनायटेड म्हणजे आपली बिल्डिंगच. २०१३ मध्ये फर्ग्युसन तेरावी प्रीमियर लीग जिंकून निवृत्त झाले, तिथून पुनर्विकास सुरू. मग मोयेस, व्हॅन हाल, मोरिन्यो, सोल्शार, टेन हाग, आमोरिम. येईल त्यानं आधीच्याचा नकाशा फाडला, नवा काढला, रहिवासी भाड्याच्या घरात. “पण इमारत उभी राहणार,” ते सांगतात. कुठली, ते विचारायचं राहून जातं.

गेल्या जानेवारीतल्या रविवारी विशेष सर्वसाधारण सभा होती. बिल्डरनं आणखी सहा महिने मागितले होते. ७९अ च्या नियमांवरून तासभर भांडण झालं, कॉर्पसवरून अर्धा तास, आणि ए विंगच्या आजोबांनी पार्किंगचा विषय काढल्यावर अध्यक्षांनी हताश होऊन मागच्या रांगेकडे पाहिलं. “मॅनेजर, तुम्ही तरी काही बोला.” रात्री दहाला युनायटेडचा सामना होता आणि पावणेदहा झाले होते. मॅनेजर उभे राहिले.

“दहापैकी तीन,” ते म्हणाले. “पहिल्या सहामाहीत काही हालचाल नाही, नुसती आश्वासनं. बदलायचा तर आत्ताच, जानेवारीत. एकदा खिडकी बंद झाली, की पुढचं सगळं उन्हाळ्यावर जातं.”

सभेत शांतता पसरली. इतकं स्पष्ट तिथे कुणी आजवर बोललं नव्हतं. बी विंगच्या एका पोरानं मागून विचारलं, “काका, मग युनायटेडला तुम्ही दरवर्षी मुदतवाढ कशी देता?”

“तिथे माझं घर नाही रे,” म्हणत मॅनेजर चपला शोधायला लागले.

सेक्रेटरींनी तोवर लिहून टाकलं होतं: ‘ठराव क्र. ७. विद्यमान बिल्डर जानेवारीअखेर बदलण्यात यावा. खिडक्या बंद होण्याबाबतची सभासदांची तक्रार आर्किटेक्टकडे पाठवावी. सर्वानुमते मंजूर.’