पॉइंट मोजणारे नाना

जळगावात पिंप्राळ्याला असो की धुळ्यात देवपूरला, हजार-बाराशे फुटांच्या प्लॉटवर घर बांधायला काढलेला माणूस स्लॅबची सळई बांधून होईपर्यंत साधा गृहस्थ असतो. त्यानंतर तो नाना होतो. मग तो जिल्हा परिषदेचा गुरुजी असो, एसटीचा कंडक्टर असो वा डाळमिलचा मुनीम. वयाचाही काही संबंध नाही. हातात नकाशाची झेरॉक्स, खिशात लाल खडू आणि मागे जांभया देणारा वायरमन. उद्या काँक्रीट पडायचं असतं, त्याआधी स्लॅबमधले पाइप आणि फॅनबॉक्स बसायला हवेत, आणि नाना अजून हॉलच्या पहिल्याच कोपऱ्यात बोट रोखून उभे असतात : “आठे बी एक राहू द्या, भाऊ.” शेजारीपाजारी अशा माणसाला हौशी म्हणतात, कुणी हावरट म्हणतं. मला दोन्ही आरोप अन्यायाचे वाटतात. नाना पक्के हिशेबी असतात. अडचण इतकीच, की घराच्या विजेत त्यांना मोजता येईल अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे पॉइंट. आणि घर जिच्यावर सुखरूप चालतं ती जवळजवळ प्रत्येक गोष्ट पॉइंटांच्या यादीत येतच नाही.

हा हिशेब त्यांच्या डोक्यात शिरतो दोन वाटांनी. नानांची पिढी वाढली ती एका खोलीला एक बल्ब आणि अख्ख्या घराला एक बोर्ड असलेल्या घरांत. त्या बोर्डातून निघालेली वायर दारावरून, देवाच्या फोटोमागून फिरत कुलरपर्यंत जायची, आणि इस्त्री करायची तर कुलर बंद करावा लागायचा. त्यामुळे श्रीमंती म्हणजे भिंतीभिंतीला बोर्ड, हे समीकरण लहानपणीच पक्कं झालेलं असतं. दुसरी वाट मजुरीची. वायरमनचा भाव पॉइंटावर ठरतो. दिव्याचा एक, पंख्याचा एक, बोर्डावरच्या प्लगचा अर्धा. या अर्ध्यावरून नाना जितकं भांडतात तितकं प्लॉटच्या हद्दीवरून भांडत नाहीत. जो धंदा नग मोजून पैसे घेतो, तो गिऱ्हाइकालाही नग मोजायला शिकवतो, यात नानांचा दोष तो काय? त्यातून धुळेकर नाना असतील तर विचारूच नका; ज्यांच्या जुन्या शहरातल्या सरळसोट गल्ल्यासुद्धा नंबरांनी ओळखल्या जातात, त्यांनी मोजायचं नाही तर कुणी? असो.

यादी पूर्ण होते तेव्हा देव्हाऱ्याला दोन पॉइंट असतात, पलंगाच्या दोन्ही अंगांना मोबाइलचे, प्रत्येक खिडकीखाली कुलरचा, आणि एक पॉइंट अशा भिंतीवर, जिथे पुढे कपाट येणार हे घरात सगळ्यांना ठाऊक असतं. ओट्यावर मात्र मिक्सर, इंडक्शन आणि पाण्याचा फिल्टर एकाच वेळी लावायचे असतात, तिथे एकच. कारण ओट्याशी उभं राहणाऱ्या बाईला या सभेचं आमंत्रण नव्हतं. तरीही जागा चुकणं हा किरकोळ दोष. मोठा प्रश्न आहे तो या पॉइंटांच्या मागे काय आहे याचा. दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर 10 पॉइंट किंवा 800 वॉट, जे आधी भरेल तिथे थांबायचं, असा जुना दंडक आहे. नानांच्या हॉलमध्ये तो सोफ्यापर्यंत पोचायच्या आतच संपतो. दीड टनाचा एसी दीड हजार वॉटच्या पुढेमागे खातो, गिझर दोन हजार, इस्त्री हजार. यांना चार किंवा अडीच चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर थेट डीबीपासून, म्हणजे मेन बोर्डापासून हवी. पण वायर भिंतीत गाडली जाते आणि तिची जाडी पाहुण्यांना दिसत नाही. मॉड्युलर स्विचची प्लेट दिसते, म्हणून प्लेट सोनेरी येते आणि तिच्यामागे एकची वायर जाते. देशभर पाइप विकणाऱ्या जळगावात पाइप स्वस्तात मिळतो, एवढंच त्यातल्या त्यात सुख.

यावर पहिला आक्षेप असा, की पॉइंट जास्त असले तर एक्स्टेंशनचं जाळं होत नाही, म्हणजे नानांची पद्धत उलट सुरक्षितच. यात तथ्य आहे. लोंबणाऱ्या एक्स्टेंशनइतकी घातक वस्तू घरात थोडीच असते. पण दहा बोर्ड एकाच लाइनवर लूप केले तर ते भिंतीत पुरलेलं एक्स्टेंशनच झालं. फरक इतकाच की तापलं तर हाताला कळत नाही. दुसरा आक्षेप : एमसीबी आहे ना, ती पडेल. पडते. मे महिन्यात पारा 45 अंशांशी खेळत असतो, तेव्हा दुपारी दोनला एसी, कुलर आणि पाण्याची मोटर एकदम चालू होतात आणि ती इमानदारीने पडते. नाना मग 16 ची काढून 32 ची बसवतात. एमसीबी वायरीला वाचवण्यासाठी असते, आता तिच्याआधी वायरच जळेल, हे त्यांना पटत नाही. कारण पडणं थांबलं, आणि भुसावळजवळ दीपनगरला 500 मेगावॉटचे संच असताना आपल्याच घरात वीज कमी का पडावी, हा त्यांचा सवाल कायम असतो. तिसरा आक्षेप वायरमनच्या नावाने येतो : त्याला कळत नाही का? कळतं. तो एकदा सांगतोही. पण शेजारचा वायरमन पॉइंटामागे दहा रुपये कमी सांगत असतो, आणि ते दहा रुपये कुठून तरी भरून काढावे लागतात. ते निघतात हिरव्या, म्हणजे अर्थिंगच्या वायरीतून.

खानदेशात हिरव्या वायरीवरची काटकसर सगळ्यात महाग पडते, ती कुलरमुळे. पत्र्याचा कुलर, खाली टाकीत पाणी, वर पाण्याचा पंप, शेजारी ओली फरशी आणि बादली घेऊन आलेला अनवाणी माणूस. आत वायर सोलवटली तर पत्र्यात वीज उतरते, आणि अर्थिंग नसेल तर तिला जमिनीकडे जायला माणूस हीच वाट उरते. कुलरचा शॉक लागून मृत्यू, ही बातमी इथल्या उन्हाळ्यात नवी नसते. 30 मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारं ईएलसीबी यासाठीच असतं. नाना ते घेतातही, पण कुलर लावला की ते पडतं, म्हणून “घडीघडी पडतं, खराब निघालं” असं म्हणत बायपास करतात. अख्ख्या घरात खरं बोलणारं ते एकच उपकरण होतं. अर्थिंगचं म्हणाल तर खड्डा खोदून, प्लेट पुरून, मीठ-कोळसा भरून झाल्यावर वर उरतं झाकण. त्यावर पॉइंट लावता येत नाही.

मात्र नाना सुधारत नाहीत असं मानणाऱ्यांनी सोलरचं एस्टिमेट पाहावं. 2024 साली पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला 78,000 रुपये अनुदान. उन्हाची तर इकडे ददात नाहीच. नाना पुढे सरसावले. एस्टिमेटच्या कागदावर पॅनल, इन्व्हर्टर यांच्या खाली एक ओळ असते : अर्थिंग, 3 नग. एक एसीचं, एक डीसीचं, एक वीज पडण्यापासूनचं. ज्यांनी घराला एक खड्डा खोदू दिला नाही तेच नाना आता अंगणातली तिन्ही झाकणं शेजाऱ्यांना मोजून दाखवतात. आणि सोलरवाल्याला विचारतात, की तीन घेतलीच आहेत, तर चौथं कुलरसाठी अर्ध्या भावात धराल का?